शिष्याची साक्ष

२०१८ साली 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही माहितीपट-मालिका आली आणि ओशो रजनीश यांच्याविषयीची जुनी चर्चा भारतभर पुन्हा सुरू झाली. चर्चेतला प्रश्नही जुनाच होता: हा माणूस ज्ञानी की भोंदू? या प्रश्नाचे उत्तर पोलिसांनी, न्यायालयाने, इतिहासकाराने किंवा ज्याच्या त्याच्या श्रद्धेने द्यावे. वाङ्मयाच्या वाचकाला ते देता येत नाही, कारण त्याच्या हाती गुरू नसतो. शिष्याने लिहिलेली वाक्ये असतात. खुद्द ओशोंच्या नावावरची पुस्तके घेतली तरी त्यांतली बहुसंख्य प्रवचनांची आहेत. गुरू बोलला, शिष्यांनी ध्वनिमुद्रण केले, उतरवून काढले, संपादन केले, छापले. या सगळ्या ग्रंथसंसारावर शिष्याचा हात फिरलेला आहे. म्हणून मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: शिष्य साक्ष देतो तेव्हा तो स्वतः कुठे उभा असतो?

हा प्रश्न घेऊन मी ओशोंच्या शिष्यपरिवारातल्या चौघांची पुस्तके वाचली. चारही इंग्रजीत आहेत. ती वाचताना प्रत्येक पान मराठीत कसे येईल, हा अनुवादकाचा चाळा चालूच होता. त्या चाळ्यातूनच या लेखातले बरेचसे मुद्दे हाती लागले.

ज्यांना घटनाक्रम आठवत नसेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. जबलपूरला तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेले रजनीश १९७० साली मुंबईत राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांनी नवसंन्यासाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम सुरू झाला. १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ऑरेगन राज्यातल्या सुमारे ६४,००० एकरांच्या कुरणावर 'रजनीशपुरम' उभे राहिले. स्थानिक लोकांशी आणि सरकारशी संघर्ष पेटत गेला. १९८४ मध्ये जिल्ह्याची निवडणूक जिंकण्याच्या खटपटीत शिष्यांपैकी काहींनी 'द डॅल्स' या गावातल्या उपाहारगृहांत साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. १९८५ च्या सप्टेंबरात सचिव मा आनंद शीला निघून गेल्या. हे सारे शीला आणि तिच्या टोळीने आपल्या नकळत केले, असे ओशोंनी जाहीर केले. पुढे त्यांना स्वतःलाही अटक झाली, स्थलांतराच्या कायद्याखाली दंड भरून देश सोडावा लागला. १९८७ मध्ये ते पुण्याला परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आता पुस्तकांकडे. त्यांच्या आधी एका शब्दाकडे मात्र पाहायला हवे, कारण तो चौघांच्याही विश्वात घर करून आहे: 'सरेंडर'. पुण्याच्या आश्रमात हिंदी आणि इंग्रजी प्रवचने आळीपाळीने होत. हिंदी श्रोत्याला जो शब्द 'समर्पण' म्हणून ऐकू येई, तोच इंग्रजी श्रोत्याला 'सरेंडर' म्हणून. दोहोंत अंतर मोठे आहे. सरेंडर करणारा हत्यार खाली ठेवतो. लढाई झालेली असते आणि तो ती हरलेला असतो. समर्पणात काहीतरी अर्पण होते, म्हणजे अर्पण करणारा शिल्लक राहतो. मराठीत आपण 'शरण जाणे' म्हणतो. वर्तमानपत्रांनी 'शरणागती' हा शब्द फौजांना बहाल केला हे खरे, पण मुळात शरण म्हणजे आश्रय, आणि त्यातले क्रियापद चालण्याचे आहे. शरण जाणारा आपल्या पायांनी जातो. जो आपल्या पायांनी गेला, त्याने तिथे काय पाहिले, काय केले, हे त्याला विचारता येते. 'सरेंडर' या शब्दात हे विचारायची सोय कमी आहे. हरलेल्याला कोण काय विचारणार? या आठवणींचे मोल बरेचसे यावर ठरते, की लेखकाने स्वतःला हरलेला मानले की गेलेला.

पहिली लेखिका सत्य भारती. ही अमेरिकन शिष्या सुरुवातीच्या पाश्चात्त्य संन्याशांपैकी. ओशोंच्या आरंभीच्या इंग्रजी पुस्तकांपैकी काहींवर संपादक म्हणून तिचे नाव आहे. शिष्या असताना तिने 'ड्रंक ऑन द डिव्हाइन' (१९८०) आणि 'डेथ कम्स डान्सिंग' (१९८१) ही पुस्तके लिहिली आणि बाहेर पडल्यावर, सत्य भारती फ्रँकलिन या नावाने, 'द प्रॉमिस ऑफ पॅराडाइज' (१९९२). एकाच माणसाने एकाच गुरूविषयी आधी आतून आणि मग बाहेरून लिहावे, हा योग समीक्षकाला क्वचित मिळतो. आधीच्या पुस्तकांत ती आश्रमाच्या दारात उभी राहून जगाला आत बोलावते. नंतरच्या पुस्तकात त्याच दारात उभी राहून सावध करते. तिन्ही पुस्तके प्रामाणिकपणे लिहिली आहेत, याविषयी मला शंका नाही. पण ती एकमेकांशी बोलत नाहीत, ही माझी तक्रार आहे. १९९२ ची लेखिका १९८० च्या लेखिकेला समोर बसवून विचारत नाही, की तू तेव्हा जे लिहिलेस ते कुणासाठी लिहिलेस, आणि ते वाचून जे आले त्यांचे काय झाले. गुरूचे शब्द नीटनेटके करून इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचवणाऱ्या संपादकाला हा प्रश्न इतर शिष्यांपेक्षा जास्त लागू आहे. अनुवाद करणाऱ्यालाही तो लागू आहे, म्हणून मला तो इतका टोचतो.

या पुस्तकांचा मराठी अनुवाद करायचा झाला, तर पहिल्याच पानावर अडायला होईल. इंग्रजी 'ही' या सर्वनामात आदर-अनादर काहीच नाही. मराठीत निवड करावीच लागते: 'ते म्हणाले' की 'तो म्हणाला'? १९८० च्या पुस्तकात 'ते' सहज बसेल. १९९२ च्या पुस्तकात काय करायचे? पहिल्या पानापासून 'तो' केले, तर आरंभीच्या वर्षांतले प्रेम खोटे ठरते. शेवटपर्यंत 'ते' ठेवले, तर मोहभंग घशातच अडकतो. मध्येच कुठेतरी बदल करायचा, तर नेमका कोणत्या प्रसंगी? लेखिकेला हे ठरवावे लागले नाही, तिच्या भाषेने तिला सोडून दिले. आपली भाषा सोडत नाही. आणि आणखी एक गुंता: मराठीत देवाला आपण 'तो' आणि 'तू' म्हणतो. विठ्ठलाला कुणी 'अहो' म्हणत नाही. म्हणजे 'ते' पासून 'तो' पर्यंतचा प्रवास भक्तीच्या शिखराकडेही जातो आणि तिरस्काराकडेही. भक्ती आणि तिरस्कार यांचे सर्वनाम एकच असावे, यात मला या साऱ्या पुस्तकांचे एक मर्म दिसते. दोन्हींत मधले अंतर नाहीसे होते, आणि साक्ष द्यायला थोडे अंतर लागते.

शीला यांचे 'डोन्ट किल हिम!' (२०१२) हे याचे दुसरे उदाहरण. त्या मूळच्या बडोद्याच्या, गुजराती घरातल्या. ऑरेगनमधल्या गुन्ह्यांबद्दल १९८६ साली त्यांना शिक्षा झाली आणि एकोणतीस महिन्यांनी त्या सुटल्या. गुरूने जाहीरपणे नाकारलेली ही शिष्या, पण पुस्तकात प्रेम ओसरलेले नाही. शीर्षकच गुरूच्या जिवासाठी केलेल्या विनवणीसारखे आहे, आणि त्यातल्या 'हिम'चे मराठी 'त्यांना' करायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. निंदा करून सुटणे सोपे असताना त्या ते करत नाहीत, याचे मला अप्रूप वाटते. पण त्या निष्ठेची किंमत पुस्तक कुणाकडून वसूल करते? आजारी पडलेल्या ७५१ माणसांकडून. ती माणसे या पुस्तकात माणसे म्हणून येत नाहीत. एक प्रेयसी, एक प्रियकर आणि बाकी सारे जग वैरी, अशी ही रचना आहे. प्रेमकथेला ती शोभते. पण ज्या प्रेमापायी तिसऱ्याच्या ताटात विष गेले, त्या प्रेमाची कथा त्या तिसऱ्याला वगळून सांगता येत नाही.

टिम गेस्टचे 'माय लाइफ इन ऑरेंज' (२००४) या दोहोंपेक्षा वेगळ्या जागेवरून लिहिलेले आहे. टिम शिष्य झाला नव्हता. शिष्येचा मुलगा होता. आई संन्यास घेऊन विस्मया झाली आणि मुलाचे नाव योगेश ठेवले गेले. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या 'मेदिना' या वसाहतीत, पुण्यात, ऑरेगनमध्ये त्याचे बालपण गेले, आईच्या आसपास पण आईपासून लांब. भारतीय वाचकाला ही नावे वाचताना जे ऐकू येते, ते इंग्रजी वाचकाला येत नाही. 'विस्मया' हे नाव धारण केलेल्या आईकडे चकित नजरेने बघत राहिलेला मुलगा, ही जुळणी लेखकाने केलेली नाही, भाषेने करून ठेवली आहे. मोठ्यांच्या स्वातंत्र्याच्या प्रयोगात मुलाला कुणी काही विचारले नाही, हा या पुस्तकाचा आशय. पण त्याचे बळ तक्रारीत नाही. आईला खलनायिका न करता तो तिच्या जाण्याचे कारण समजून घेऊ पाहतो, आणि समजून घेतल्यावरही आपले एकटेपण कमी झाले असे म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एका पानावर राहू देण्याचे हे धैर्य सत्य भारतीच्या तीन पुस्तकांत मिळूनही सापडत नाही.

आणि जेन स्टॉर्क. 'ब्रेकिंग द स्पेल' (२००९) या पुस्तकापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. ही ऑस्ट्रेलियन बाई नवरा आणि मुलांसह पुण्याच्या आश्रमात आली. तिचे संन्यासनाम शांतिभद्रा. १९८५ च्या जुलैमध्ये, रजनीशपुरममधल्या उत्सवात, या शांतिभद्रेने गुरूचे डॉक्टर देवराज यांना मारण्यासाठी इंजेक्शनची सुई खुपसली. डॉक्टर वाचले. शीलांच्या गोटात असे धरले जात होते, की या डॉक्टरमुळे भगवानांच्या जिवाला धोका आहे. म्हणजे भक्तीचे गणित पूर्ण सरळ होते: गुरूला वाचवायचे तर याला मारायचे. तिने गुन्हा कबूल केला आणि जवळपास तीन वर्षे तुरुंगात काढली. दुसऱ्या एका कटाच्या आरोपाला सामोरे जायला ती वीस वर्षांनी स्वतःहून अमेरिकेला परत गेली.

त्या सुईचे वाक्य मराठीत कसे लिहायचे? मराठीत एक फार सोयीची रचना आहे: 'माझ्या हातून घडले'. हात माझा, पण करणारा मी नव्हे. आपण कप फुटला तरी ती वापरतो आणि पाप घडले तरी. भक्तीच्या भाषेलाही ती प्रिय आहे, कारण सत्कर्म हातून घडले तर करविता तो असतो. गुरूभक्तीच्या नादात झालेल्या गुन्ह्याला ही रचना अलगद कुशीत घेईल: 'माझ्या हातून सुई टोचली गेली.' शीर्षकातला 'स्पेल', म्हणजे मोहिनी किंवा भूल, हा शब्दही त्याच दिशेने ओढतो; भूल पडलेल्याचा दोष तो काय? पण पुस्तक शीर्षकाच्या विरुद्ध वागते. ते 'मी' सोडत नाही. गुरूने फसवले, शीलाने भरीस घातले, हे सारे मांडूनही शेवटी ती आपल्या कृतीपाशी येऊन थांबते. म्हणून त्या वाक्याचा अनुवाद 'मी सुई खुपसली' असाच करावा लागेल. कर्ता, कर्म, क्रियापद. आणि तरीही आश्रमातल्या आनंदाच्या दिवसांना ती खोटे ठरवत नाही. आनंद खरा होता, गुन्हाही खरा होता, आणि दोन्हींत 'मी' एकच होते, हे सांगणे हीच शिष्याची साक्ष.

आता एक आडवळण वाटेल, पण मराठी वाचकाला या पुस्तकांजवळ रिकाम्या हाताने जाता येत नाही. आपल्या भाषेतले आद्य गद्यचरित्र मानले जाणारे 'लीळाचरित्र' शिष्यांच्याच आठवणींतून झालेले आहे, आणि त्यातला गुरूही त्याच्या काळात वादग्रस्त होता. चक्रधर गुजरातेतून आलेले, मराठीत बोलणारे, स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना जवळ करणारे, प्रस्थापितांचा रोष ओढवून घेणारे. ते निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी शिष्यांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. म्हाइंभट हे मुळात वादविवादात मुरलेले पंडित. त्यांची निष्ठा भोळी नव्हती. त्यांनी जे केले ते आजच्या संपादकालाही धडा देईल. एकच प्रसंग दोन शिष्यांना वेगळा आठवत असला, तर पाठभेद नावानिशी राहू दिले गेले. शिष्यांचे रुसवे, हेवेदावे, बाइसांची काळजी, महदाइसेचे न संपणारे प्रश्न, कुणी काय खाल्ले, कुणाला कशाचा राग आला, हे सारे त्यात आहे. गुरू 'गोसावी' आहेत, 'सर्वज्ञ' आहेत; आदराला कुठेही कमी नाही. पण सर्वज्ञाभोवतीची माणसे सर्वज्ञ नाहीत, याचा विसर पडू दिलेला नाही.

बंगाली वाचकाला इथे 'कथामृत' आठवेल. महेंद्रनाथ गुप्तांनी स्वतःचे नाव 'म' या एका अक्षरात दडवले आणि रोजनिशीच्या आधाराने दिवस, वार, जागा, हजर माणसे यांची नोंद ठेवत रामकृष्णांचे बोलणे लिहिले. तिथे शिष्य एका कोपऱ्यात बसतो, पण तो कोपरा दिसत राहतो. लीळाचरित्रात कोपरे अनेक आहेत. दोन्हींत वाचकाला कळते, की हे कुणी पाहिले आणि कुठून पाहिले.

यावर आक्षेप घेता येईल. लीळाचरित्र हा श्रद्धावंतांचा ग्रंथ आहे. त्यात विषप्रयोग नाही, न्यायालय नाही, आणि ते लिहिणाऱ्यांना गुरूवर आरोप करायचा नव्हता. तेव्हा ही तुलना अन्यायाची नाही का? माझे म्हणणे असे, की तुलना गुरूंची नाहीच, साक्षीच्या रीतीची आहे. श्रद्धावंतांनासुद्धा ही रीत झेपतेच असे नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ साली निघाली, तेव्हा पंथातल्या अनुयायांकडूनच तिच्यावर आक्षेप आले. आद्य शिष्यांनी मोकळेपणाने सांगितलेले पुढच्यांना सहन होत नाही, कारण काळाबरोबर गुरू मोठा होत जातो आणि शिष्याची जागा आक्रसत जाते. आधुनिक आठवणींत हेच एका आयुष्यात घडते. गुरू आधी आभाळाएवढा होतो, मग राक्षसाएवढा; दोन्ही वेळा शिष्याला पानावर उभे राहायला जागा उरत नाही.

हा प्रश्न ओशोंपुरता नाही. आपल्या देशात गुरूंवर खटले चालतात, शिक्षा होतात आणि तरीही तुरुंगाच्या दारात हारतुरे घेऊन माणसे उभी राहतात. वर्तमानपत्रे त्यांना अंधभक्त म्हणून मोकळी होतात. 'अंध' म्हटले की आपण त्यांची साक्ष घ्यायला नाकारतो, आणि उद्या त्यांच्यातला कुणी बाहेर पडून लिहू लागला, तर त्याला 'मी फसलो' एवढेच वाक्य तयार मिळते. पण फसलेल्या माणसानेही त्या वर्षांत गाणी म्हटली, स्वयंपाक केला, हिशेब लिहिले, दुसऱ्यांना आत आणले, कदाचित कुणाला गप्पही केले. त्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण होता, हे सांगू शकणारे लेखन आपल्याला हवे आहे, आणि ते भारतीय भाषांत हवे आहे. जिथे 'ते' आणि 'तो' यांत निवड करावी लागते, जिथे 'मी केले' आणि 'माझ्या हातून घडले' यांतले अंतर प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असते, त्या भाषांत ही साक्ष देणे अधिक अवघड आहे. म्हणूनच दिली गेली, तर ती अधिक नेमकी असेल.

या चारांतले एकच पुस्तक कुणाला सुचवायचे असेल, तर मी जेन स्टॉर्कचे सुचवीन. ते चौघांतले सर्वांत सुबक नाही. गद्य म्हणून टिम गेस्टचे सरस आहे. पण ते वाचून झाल्यावर गुरूविषयीचे कुतूहल मागे पडते, आणि आपण कुणाकुणाच्या शब्दाखातर काय काय केले याची यादी मनात सुरू होते.